स्त्रियांचा दायहक्क : मिताक्षरा, शरीयत आणि रूढि

धर्मापुरी (जिल्हा बीड) येथील केदारेश्वराचें देवालय कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचें आहे, हें इतिहासाच्या अभ्यासकांस सांगावयास नको. याच घराण्यांतील सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६–११२६) कल्याणीस राज्य करीत असतां विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवरील आपली मिताक्षरा टीका लिहिली, आणि ग्रंथाच्या शेवटीं त्या नगराची व त्या राजाची मुक्तकंठानें स्तुति केली. पुढें बहामनी सुलतानांच्या काळापासून निजामाच्या अमदानीच्या अखेरपर्यंत, म्हणजे सन १९४८ पावेतों, हा मुलूख बहुतेक काळ मुसलमानी अंमलाखालीं होता. अर्थात् हिंदूंची मिताक्षरा आणि मुसलमानांची शरीयत हे दोन्ही कायदे या भूमींत शेजारीं शेजारीं नांदले. ‘इस्लामनें स्त्रीस अधिक दिलें कीं हिंदु धर्मशास्त्रानें?’ हा प्रश्न आवेशानें पुष्कळदां विचारला जातो. तो आवेश बाजूस ठेवून दाय, म्हणजे वारसा, या एकाच विषयापुरतें ग्रंथांत काय आहे व व्यवहारांत काय घडलें, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

आरंभीं शब्दांविषयीं थोडेंसें. आपण ज्याला ‘हक्क’ म्हणतों तो शब्द अरबी आहे. मूळ भाषेंत त्याचा अर्थ सत्य, तसेंच ज्याचें त्यास जें देणें तें, असा आहे. इस्लामी धर्मशास्त्रांत ईश्वराचे हक्क व माणसांचे हक्क असे दोन वर्ग केलेले आहेत. ‘वारस’ हाहि शब्द अरबीच. जुन्या मराठी वतनपत्रांतील ‘हक्कलाजिमा’ तेथूनच आला. उलट मीमांसेंतील ‘अधिकार’ म्हणजे कर्म करण्याची व त्याचें फळ भोगण्याची पात्रता. एका शब्दांत मागणें आहे, दुसऱ्यांत योग्यता आहे. आज मराठी माणूस हे दोन्ही शब्द एकाच अर्थानें वापरतो, परंतु पात्र ठरविल्यावांचून कांहीं द्यावयाचें नाहीं, हा संस्कार मात्र अद्यापि गेलेला नाहीं.

आतां मिताक्षरेकडे वळूं. विभक्त झालेला पुरुष पुत्राशिवाय मेला असतां त्याचें सर्व धन प्रथम पत्नीस व तिच्या अभावीं कन्येस जावें, असा विज्ञानेश्वराचा निर्णय आहे. अविवाहित बहिणीस भावांनीं चतुर्थांश द्यावा, या वचनाचाहि त्यानें केवळ विवाहखर्चापुरता संकोच केला नाहीं. तो खराखुरा अंश मानला. त्याहून महत्त्वाचा त्याचा स्त्रीधनविचार होय. आई-बापांनीं किंवा पतीनें दिलेल्या धनापुढें स्मृतींत जो ‘आद्य’ शब्द आहे, त्यांत वारशानें, खरेदीनें व विभागणीनें मिळालेलें धनहि येतें, असा त्यानें अर्थ केला. पुढें सतराव्या शतकांत नीलकंठभट्टानें व्यवहारमयूखांत बहिणीस वारसांत वरचें स्थान दिलें; ती भावाच्याच गोत्रांत जन्मलेली, म्हणून गोत्रजच होय, असा त्याचा युक्तिवाद आहे. हा नीलकंठ काशीचा खरा, पण त्याचें घराणें मूळचें पैठणचें. तथापि एकत्र कुटुंबांत जन्मतःच भागीदार होण्याचा हक्क पुत्रासच राहिला, हें वैगुण्य लपविण्याजोगें नाहीं.

कुराणाच्या चौथ्या सूऱ्यांत वारसांचे अंश ठरवून दिलेले आहेत. मुलगा असेल तर मुलीस त्याच्या निम्मा वांटा. एकटीच मुलगी असेल तर अर्धें धन. दोन किंवा अधिक असतील तर त्यांत मिळून दोनतृतीयांश. अपत्य असतां पत्नीस अष्टमांश, नसतां चतुर्थांश. अपत्य असतां आईस षष्ठांश. शिवाय मेहेर हें पत्नीचें स्वतःचें धन. मृत्युपत्रानें सामान्यतः एकतृतीयांशाहून अधिक धन दुसऱ्यास देतां येत नाहीं, त्यामुळें मृत्युपत्र करून मुलीस समूळ वगळणें कठीण. येथेंहि मुलीचा अंश मुलाच्या बरोबरीचा नाहीं, आणि घटस्फोटांत पुरुषास दिलेली मोकळीक स्त्रीस नाहीं. पण सातव्या शतकांत स्त्रीचा अंश आंकड्यानें निश्चित करून ठेवणें ही गोष्ट सामान्य नव्हे. इंग्लंडांत विवाहित स्त्रीस स्वतःची मालमत्ता पूर्णपणें स्वतःच्या नांवें ठेवण्याची मोकळीक सन १८८२ च्या कायद्यानें आली, हें लक्षांत घेतलें म्हणजे याचें मोल कळतें.

मग हे अंश स्त्रियांच्या हातीं पडले काय? मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत सन १८४७ मध्यें खोजा व मेमन समाजांतील दावे निघाले. मुलींनीं कुराणाप्रमाणें आपला अंश मागितला. प्रतिपक्षानें सांगितलें कीं, आमच्यांत मुलीस वारसा देण्याची चाल नाहीं. सर अर्स्किन पेरी यांनीं चाल प्रमाण मानली व मुली हरल्या. सन १८६७ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें कीं, मिताक्षरेचा कायदा पाळणाऱ्या हिंदु विधवेस पतीकडून वारशानें आलेलें धन तिचें स्त्रीधन होत नाहीं. तिच्या पश्चात् तें पतीच्या वारसांकडे जावें. विज्ञानेश्वरानें ‘आद्य’ शब्दानें जें दार उघडलें होतें, तें अशा रीतीनें अर्धें लावून घेतलें गेलें. एकीकडे कुराणावर रूढीनें मात केली, दुसरीकडे मिताक्षरेवर न्यायालयाच्या अर्थानें; दोन्हींकडे हानि मात्र स्त्रीचीच झाली.

पुढील सुमारें दीडशें वर्षांची हकीकत म्हणजे हें नुकसान भरून काढण्याचा प्रयत्न होय. सन १९३७ च्या कायद्यानें हिंदु विधवेस मर्यादित हक्क मिळाला. १९५६ च्या कायद्यानें तो पूर्ण झाला व मुलीसहि बापाच्या धनांत वांटा मिळाला. एकत्र कुटुंबांत मुलीस जन्मसिद्ध भागीदार करण्यांत महाराष्ट्रानें १९९४ सालींच पाऊल टाकलें, तें सर्व देशांत २००५ सालीं पडलें. मुसलमानांत १९३७ च्या शरीयत कायद्यानें रूढीचें वर्चस्व पुष्कळ अंशीं तोडलें, परंतु शेतजमीन त्यांतून वगळली. आणि खेड्यापाड्यांत धन म्हणजे शेतजमीनच. १८ एप्रिल १९६६ रोजीं हमीद दलवाई यांनीं सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईंत विधानभवनावर नेला. तोंडी तिहेरी तलाक सुप्रीम कोर्टानें रद्द केला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजीं.

असो. शेवटीं एक गोष्ट सांगणें मला भाग आहे. मला चार अक्षरें येतात म्हणून गांवांतील लोक कागद वाचून घेण्यास माझ्याकडे येतात. हिंदूंच्या घरचीं व मुसलमानांच्या घरचीं अशीं दोन्हीं हक्कसोडपत्रें मीं वाचून दाखविलीं आहेत. मजकूर जवळजवळ एकच : बहिणीनें राजीखुषीनें आपला हिस्सा भावास सोडला. कारणहि एकच : हिस्सा घेतला तर माहेर तुटेल. माझ्या वडिलांच्या पश्चात् माझ्या धाकट्या बहिणीनें सही केली, तो कागद मीं स्वतःच्या हातानें लिहिला होता. बहिणीच्या गोत्रजत्वाचा पाठ मला तेव्हांहि मुखोद्गत होता. तिनें तो मला विचारला नाहीं, आणि मींहि सांगितला नाहीं.

तात्पर्य, कोणत्या धर्मानें स्त्रीस अधिक दिलें हा वाद करणारांनीं ग्रंथांबरोबर आपापल्या घरचे कागदहि काढून पाहावे. इतिहासाचें तें साधन दुर्मिळ नाहीं. तें आपल्याच पेटींत पडलेलें असतें.