तासाबाहेर गेलेला नांगर

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ आहे की, घरातील वृद्ध माणूस असंबद्ध बोलू लागला तरी कोणाला त्याचे विशेष वाटत नाही. ‘वय झाले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. ही समजूत केवळ आपल्या समाजाची नव्हे. वैद्यकशास्त्रानेही ती शतकानुशतके बाळगली. तिची किंमत आजही घरोघरच्या वृद्धांना मोजावी लागते, म्हणून तिचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

‘डिलिरियम’ हा शब्द लॅटिन भाषेतला. नांगर तासाबाहेर जाणे, असा त्याचा मूळ अर्थ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने आपल्या वैद्यकग्रंथात तापातल्या भ्रमाचे वर्णन केले आहे. आपण ज्याला ‘वातात बरळणे’ म्हणतो, तोच हा मुग्धभ्रम. ‘डिमेन्शिया’ म्हणजे बुद्धी हरपणे. हा शब्दही लॅटिनच. वार्धक्य आणि बुद्धिनाश एकच नव्हेत, हे सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ मध्येच लिहून ठेवले होते. तरीही वृद्धांच्या बाबतीत हे दोन्ही विकार आणि वार्धक्य यांची पुढे सरमिसळच होत राहिली.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिला नाव विचारले. ती म्हणाली, ‘आउगुस्टे.’ आडनाव विचारले, तरी ‘आउगुस्टे.’ पतीच्या नावालाही तिने तेच उत्तर दिले. आपण स्वतःला हरवून बसलो आहोत, असेही ती म्हणाली. ८ एप्रिल १९०६ रोजी ती मरण पावली. तोवर म्युनिकला गेलेल्या अल्झायमर यांनी तिचा मेंदू मागवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यात त्यांना चिवट साठे आणि गुंतलेले तंतू आढळले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले, तेव्हा एकानेही प्रश्न विचारला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले.

मात्र यातूनच एक नवा गैरसमज जन्मला. आउगुस्टे वृद्ध नव्हती, म्हणून हा रोग मध्यमवयीनांचा ठरला. वृद्धांच्या विस्मरणाला वय किंवा कठीण झालेल्या रक्तवाहिन्या कारण मानल्या जाऊ लागल्या. १९६८ मध्ये न्यूकॅसल येथील ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांच्या बुद्धीची त्यांच्या हयातीत नोंद ठेवली आणि मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले. बुद्धीचा ऱ्हास जितका अधिक, तितके ते साठेही सामान्यतः अधिक आढळले. वृद्धांचा बुद्धिभ्रंश हाही रोगच होय, हे यातून स्पष्ट होत गेले.

मुग्धभ्रमाचे वेगळेपण त्याआधीच दिसू लागले होते. १९५५ मध्ये रॉथ यांनी रुग्णालयातील वृद्धांचा मागोवा घेतला, तेव्हा अकस्मात भ्रम झालेल्यांपैकी पुष्कळजण काही महिन्यांत घरी परतल्याचे आढळले. १९५९ मध्ये एंगेल आणि रोमानो यांनी मुग्धभ्रमात मेंदूच्या विद्युतलहरी मंदावतात हे दाखवून, हे मेंदूच्या कार्याचेच अपुरेपण आहे, असे मांडले. हृदय किंवा मूत्रपिंड जसे आजारात थकते, तसाच मेंदूही थकतो.

बुद्धिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. मुग्धभ्रम काही तासांत वा दिवसांत येतो, क्षणात कमी तर क्षणात अधिक होतो. रुग्ण बडबडतोच असे नाही. कधी तो नुसता सुस्त पडून राहतो. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, शरीरातील पाण्याची तूट, शस्त्रक्रिया किंवा एखादे नवे औषध, असे कारण बहुधा मागे असते. ते वेळीच शोधले तर माणूस पुष्कळदा सावरतो. दुर्लक्ष केल्यास प्राणावर बेतते. ज्याला आधीच बुद्धिभ्रंश आहे, त्याला तर हा धोका अधिकच.

१९९९ मध्ये शॅरन इनोय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ७० वर्षे व त्यांवरील वयाच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या शुश्रूषेत १५ टक्के रुग्णांना मुग्धभ्रम झाला. विशेष काळजी घेतलेल्यांत हे प्रमाण ९.९ टक्के राहिले. ही काळजी कोणती? चष्मा आणि श्रवणयंत्र देणे, पाणी पाजणे, चालवणे, शांत झोप मिळू देणे आणि आज कोणता वार, आपण कोठे आहोत, हे सांगत राहणे. या गोष्टी घरातील सून किंवा नातूही करू शकतो.

बुद्धिभ्रंश मात्र आजही पूर्ण बरा होत नाही. तेथे दुसऱ्या धड्याची गरज लागते. कॅथलिक परंपरेने जुन्या करारात जपलेल्या बेन सिराच्या ग्रंथात, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, मुलांना बजावले आहे की, पित्याची बुद्धी मंदावली तरी त्याला सांभाळून घ्यावे, त्याचा अवमान करू नये. निदान नसलेल्या काळातही कर्तव्य ठाऊक होते.

आपल्या धर्मग्रामांत ख्रिस्तप्रसाद घेऊन आजाऱ्यांच्या घरी जाण्याची प्रथा आहे. अशा भेटीत कोणी म्हणाले, ‘बाय आता भ्रमिष्ट झाली,’ तर आपण एवढेच विचारावे: ‘हे कधीपासून?’ उत्तर ‘परवापासून’ असे आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे. उत्तर ‘दोन वर्षांपासून’ असे आले, तरी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. आणि तिला नावाने हाक मारून घटकाभर तिच्याजवळ बसावे.