शिरेवर शीर

नागपुरात गाल धरून दवाखान्यात आलेला माणूस सांगतो, 'डॉक्टरसाहेब, नस दाबल्या गेली.' घरातली आजी म्हणते, 'शीर चढली असंल.' रक्तवाहिनी वेगळी आणि मज्जातंतू वेगळा, हा भेद बोली करत नाही. 'शीर' आली संस्कृत 'सिरा'वरून. चरकाने सिरेचा संबंध 'सरण', म्हणजे सरकत वाहणं, याच्याशी जोडला आणि धमनीचा 'ध्मान', म्हणजे फुंकणं, याच्याशी. शीर मुळात वाहणारी. मज्जातंतू त्या नावाखाली पुढे आला.

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूची असह्य कळ, यात आजीचे शब्द बहुतेकदा अक्षरशः खरे असतात. चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या पाचव्या मज्जातंतूच्या मुळाशी, मेंदूच्या तळाजवळ, एखादी धमनी टेकते, प्रत्येक ठोक्याला घासते आणि तंतूचं आवरण झिजतं. मग दात घासणं, गार वारा, गालावरून सरकलेला दुपट्टा, एवढ्यानंही विजेचा झटका बसतो. कळ दाढेत जाणवते म्हणून किती जणांच्या धडधाकट दाढा उपटल्या जातात! याची मला मनापासून चीड येते.

न्यूरोसर्जन वॉल्टर डँडीने 1934 मध्ये या धमनीकडे बोट दाखवलं. साठच्या दशकात पीटर जॅनेटाने सूक्ष्मदर्शकाखाली ती तंतूपासून सोडवली. कळ आवरणाऱ्या कार्बामाझेपिनच्या गोळ्या पुरेनाशा झाल्या की ही शस्त्रक्रिया: कानामागे कवटीत लहानसं छिद्र, धमनी अलगद बाजूला, मध्ये टेफ्लॉनचा बोळा. तंतू कापायचा नाही. पुण्याचे डॉ. जयदेव पंचवाघ हीच शस्त्रक्रिया करतात आणि तिच्याविषयी मराठीत समजावूनही सांगतात. चेहरा हलवणाऱ्या सातव्या तंतूवर अशी धमनी टेकली, तर दुखत नाही; अर्धा चेहरा आपोआप फडफडतो. तिथेही इलाज हाच.