दैनिक जैवलय, निद्रा व मेंदूतील हॉर्मोने (खानदेश)

दैनिक जैवलय : पृथ्वीच्या परिवलनाशी मेळ राखून सजीवांच्या शरीरात सुमारे २४ तासांच्या आवर्तनाने घडणाऱ्या बदलांना दैनिक जैवलय म्हणतात. झोप आणि जाग हे या लयीचे सर्वांना दिसणारे रूप असले, तरी शरीराचे तापमान, रक्तदाब, पचन आणि अनेक हॉर्मोनांचे स्रवण यांचे चढउतारही तिच्याच अनुरोधाने होतात. खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांपुरते पाहिल्यास रात्री पिकांना पाणी देणारा शेतकरी आणि भुसावळच्या रेल्वेतील रात्रपाळीचा कर्मचारी हे दोन वर्ग या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ठरतात.

मेंदूतील घड्याळ : दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या दृक्-तंत्रिका जेथे एकमेकींना ओलांडतात, त्या जागेच्या लगेच वर, अधोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडील भागात चेतापेशींचे दोन लहान पुंज असतात, त्यांना अधिव्यत्यास केंद्रक म्हणतात. माणसात या पेशींची संख्या हजारोंच्या घरात असते. १९७२ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे उंदरांच्या मेंदूतील हे पुंज नष्ट करून पाहिले, तेव्हा एका गटाला अधिवृक्क ग्रंथीच्या हॉर्मोनाची, तर दुसऱ्याला हालचालीची व पाणी पिण्याची दैनिक लय नाहीशी झालेली आढळली. घड्याळाची मूळ चाके मात्र पेशीच्या आत असतात : काही जनुकांपासून बनणारी प्रथिने साचत जाऊन आपल्याच जनुकांचे काम थांबवतात, ती विघटित झाली की ते काम पुन्हा सुरू होते आणि या एका फेऱ्याला जवळजवळ एक दिवस लागतो. फळमाशीतील ‘पिरियड’ हे अशा प्रकारचे पहिले जनुक १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का व सेमूर बेंझर यांनी दाखवून दिले, आणि त्याच्या कार्याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बाहेरचा कोणताही संकेत नसेल, तर माणसाचे हे घड्याळ सरासरी २४.२ तासांचा दिवस धरते, म्हणजे ते रोज थोडे मागे पडते. ही चूक प्रकाश दुरुस्त करतो. डोळ्याच्या पडद्यातील काही मोजक्या पेशींत मेलॅनॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. या पेशींचे मुख्य काम वस्तू दाखवण्याचे नसून उजेड आहे की अंधार एवढी वर्दी घड्याळाला देण्याचे आहे. सकाळचा प्रकाश घड्याळाला पुढे आणतो, रात्री उशिराचा प्रकाश ते मागे टाकतो. दोन्ही दिशांना ते दिवसाकाठी एखाद्या तासाहून फारसे सरकत नाही, आणि खानदेशातील रात्रीच्या कामाचा बराचसा उलगडा या एकाच मर्यादेतून होतो.

हॉर्मोने : अंधार पडल्यावर अधिव्यत्यास केंद्रकाकडून निघालेला संदेश मेरुरज्जूतून खाली उतरतो, मानेतील चेतागुच्छातून परत वर चढतो आणि मेंदूच्या मध्यभागी असलेल्या तृतीय नेत्र पिंड या लहानशा ग्रंथीपर्यंत पोहोचतो. ही ग्रंथी मेलॅटोनिन स्रवते. येल विद्यापीठातील त्वचाविज्ञ ॲरन लर्नर यांनी १९५८ मध्ये गुरांच्या ग्रंथींपासून ते वेगळे केले. मेलॅटोनिनला झोपेचे हॉर्मोन म्हणण्याची पद्धत पडली असली, तरी ते अचूक नाही, कारण रात्री जागणाऱ्या प्राण्यांतही ते रात्रीच वाढते. ते शरीराला अंधार झाल्याचे कळवते, आणि त्या बातमीवर झोपावे की शिकारीला निघावे हे त्या त्या प्राण्याची घडण ठरवते. तीव्र प्रकाशाने माणसातील मेलॅटोनिनचे स्रवण दबते, हे आल्फ्रेड लेवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले. कॉर्टिसॉल हे अधिवृक्क ग्रंथीचे हॉर्मोन याच्या उलट पहाटेपासून चढू लागते व सकाळी कमाल पातळी गाठते. पोष ग्रंथीतून येणारे वृद्धी हॉर्मोन रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत सर्वाधिक स्रवते. १९९८ मध्ये सापडलेले ओरेक्सिन जाग टिकवून धरते. दिवसभराच्या जागेपणी मेंदूत साचणारे ॲडेनोसिन हे हॉर्मोन नव्हे, पण झोपेचा भार त्याच्यामुळे वाढतो. चहातील कॅफीन ॲडेनोसिनची जागा अडवते, भार मात्र हलका करत नाही.

केळी व सेरोटोनिन : मेलॅटोनिन ज्या पदार्थापासून बनते ते सेरोटोनिन केळ्यात भरपूर असते, म्हणून जळगावच्या मुख्य पिकाचा येथे उल्लेख आवश्यक आहे. १९५८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याविषयीचे लेख आले. केळी खाल्लेल्या माणसांच्या लघवीत सेरोटोनिनच्या विघटनातून उरणारे द्रव्य वाढलेले दिसले व त्याचा उगम फळातच असल्याचे आढळले. सालीत त्याचे प्रमाण गरापेक्षा अधिक असते. आतड्यातील विशिष्ट गाठींच्या निदानासाठी हीच लघवीची तपासणी करतात, आणि त्यासाठी रुग्णाला आधी काही दिवस केळी खाऊ नयेत असे आजही सांगितले जाते. मात्र रात्री केळे खाल्ल्याने झोप येते या समजुतीला या शोधाचा आधार मिळत नाही, कारण रक्तातील सेरोटोनिन रक्त व मेंदू यांच्यामधील अडसर ओलांडू शकत नाही. तो ओलांडते ते ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो अम्ल, व ते केळ्यात इतर अनेक खाद्यांपेक्षा अधिक नसते. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे केळे उत्तम अन्न आहे, झोपेचे औषध नाही.

भारतातील संशोधन : या शास्त्राचा पाया भारतात मुख्यतः मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी घातला. गुहेतील वटवाघळांच्या लयींचा त्यांनी व सहकाऱ्यांनी अभ्यास केला. घड्याळाविना एकांतात राहणाऱ्या माणसांसाठी तेथे स्वतंत्र कक्षही होता. महाराष्ट्रात निशिकांत सुभेदार यांनी नागपूर येथे व नंतर पुण्याच्या आयसरमध्ये मेंदूतील पेप्टाइडांवर, तर विदिता वैद्य यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सेरोटोनिन व मनोवस्था यांवर काम केले.

उन्हाळा : झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान किंचित उतरावे लागते व ती उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. खानदेशात मे महिन्यात दिवसाचा पारा ४३ ते ४५ अंश सेल्सियसपर्यंत जातो आणि तापलेल्या भिंती मध्यरात्रीपर्यंत निवत नाहीत, तेव्हा ही वाट अडते. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून तेथे अंथरूण टाकण्याचा, किंवा मातीच्या धाब्यावर निजण्याचा रिवाज म्हणूनच शरीरशास्त्राला धरून आहे. उघड्या आकाशाखाली उष्णता लवकर निघून जाते व पहाटेचा उजेड थेट डोळ्यांवर येतो. ६८ देशांतील ४७,००० हून अधिक लोकांच्या मनगटी पट्ट्यांतील नोंदींवर आधारलेल्या २०२२ च्या एका अभ्यासात उष्ण रात्रींनी झोप लागण्याची वेळ पुढे ढकलली जाते व एकूण झोप घटते असे आढळले.

प्रमाणवेळ व शाळा : भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली असल्यामुळे सूर्य जळगावला सरासरी २८ व धुळ्याला ३१ मिनिटे उशिराने माथ्यावर येतो. नागपूरला हा फरक १४ मिनिटांचाच आहे. मुंबई शहराने आपली ३९ मिनिटे मागे चालणारी स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत टिकवली होती. मौलिक जगनानी यांच्या भारतविषयक अभ्यासानुसार सूर्यास्त तासभर उशिरा होत असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते व शिक्षणाची वर्षेही घटतात. या निष्कर्षाच्या दुसऱ्या भागाचा वापर सावधगिरीने करावा. जानेवारीत खानदेशात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे सात वाजताच्या शाळेसाठी निघालेले मूल अंधारातच उठलेले असते. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत असा निर्णय काढला.

आयुर्वेद : चरकसंहितेत आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रा हा शरीराचा एक उपस्तंभ मानला आहे.

रेल्वे : भुसावळ हे मध्य रेल्वेचे विभागीय केंद्र आहे. गाडीवरच्या कर्मचाऱ्यांना ठरावीक पाळी नसते. बोलावणे येईल त्या वेळी लॉबीत हजर होऊन गाडी घ्यायची, दुसऱ्या टोकाच्या रनिंग रूममध्ये विसावा घ्यायचा आणि मिळेल त्या गाडीने परतायचे, असा क्रम असतो. रेल्वेत रात्री १० ते सकाळी ६ हा काळ रात्रपाळी धरला जातो. त्यातील पहाटे तीन ते पाच हे तास सर्वांत धोक्याचे, कारण त्या सुमारास शरीराचे तापमान नीचांकी असते, मेलॅटोनिन अजून भरपूर असते आणि कॉर्टिसॉल नुकते चढू लागलेले असते. इंजिनातील दक्षता यंत्र याच तासांसाठी महत्त्वाचे ठरते : चालकाने सुमारे मिनिटभर कोणतीच कळ हलवली नाही, तर आधी दिवा, मग भोंगा आणि तरीही प्रतिसाद न मिळाल्यास ब्रेक, असा त्याचा क्रम आहे.

रात्रीचे सिंचन : कृषिवाहिन्यांना थ्री फेज वीज अनेक वर्षे चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा ८ तास व काही दिवस रात्री १० तास, दिली गेली. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात ठिबक पसरल्यामुळे रात्रीचे काम पंप चालू ठेवणे व व्हॉल्व्ह बदलणे इतकेच राहिले. पण गहू, हरभरा, मका यांना पाटाने पाणी देणाऱ्याला दारे धरावी लागतात, म्हणजे एक वाफा भरला की फावड्याने त्याचे तोंड बुजवून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचे, आणि हे वीज जाईपर्यंत करत राहायचे. वाफा भरेपर्यंत बांधावर पोत्याचा आडोसा करून टेकता येते, परंतु या तुकड्यातुकड्यांच्या झोपेत गाढ झोपेची अवस्था पुरी होत नाही व तिच्याशी बांधलेले वृद्धी हॉर्मोनाचे स्रवणही विस्कळीत होते. स्टार्टरला ऑटोस्विच जोडून घरी निजणाराही रात्री एकदोनदा उठून विहिरीवर जातो.

कारखान्यातील रात्रपाळीहून हे काम एका बाबतीत वेगळे आहे. कारखान्यातला कामगार निदान प्रखर दिव्यांखाली असतो. शेतकऱ्याची रात्र एका बॅटरीच्या उजेडात जाते आणि दुसऱ्या दिवशी तो खुल्या उन्हात, म्हणजे घरातील दिव्यांच्या शेकडो पट प्रकाशात, फवारणीला किंवा निंदणीला उभा असतो. घड्याळाला मिळणारा सर्वांत बलवान संकेत दिवसाचाच राहिल्यामुळे ते रात्रीच्या बाजूला सरकतच नाही, आणि थोडेफार सरकले तरी विजेचे चक्र तोवर उलटलेले असते. दुपारी झोपायचे म्हटले तर चढते तापमान व घटलेले मेलॅटोनिन ती झोप तोकडी करतात. श्रावणात कानबाई या लोकदेवीच्या उत्सवाच्या रात्री सारे घर जागते आणि एक-दोन रात्रींच्या चांगल्या झोपेने ती तूट बहुतांशी भरून येते; रब्बीचा हंगाम मात्र महिनोन्‌महिने चालतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले. तो निर्णय मुख्यतः परिचारिका व इतर पगारी कामगारांच्या अभ्यासांवर बेतलेला असल्याने सिंचनाच्या कामाला तो जसाच्या तसा लावणे योग्य होणार नाही.

दिवसा वीज देण्याच्या हेतूने राज्यात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. दिवसाच्या विजेची मागणी आजवर मुख्यतः साप, सातपुड्याच्या पायथ्याचा बिबट्या आणि जानेवारीची थंडी या तीन कारणांनी मांडली गेली. झोपेचे कारण त्यांत चौथे म्हणून धरले पाहिजे, कारण पहिली तीन काही ठिकाणी व काही महिने लागू पडतात, आणि हे चौथे रात्री पंपावर जाणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे.