महाडच्या तळ्याचा खटला

वर्धा जिल्ह्यातील आम्हां लोकांना नदीचे अप्रूप नाही. वर्धा, वेणा, धाम, बोर ही नावे आमच्या लेकरांना बाराखडीबरोबरच कळतात. पालकवाडीच्या जागी १८६६ साली वर्धा शहर वसविले गेले आणि थोड्याच वर्षांत येथे नगरपालिकाही आली. तेव्हापासून पाणी ही घराची बाब न राहता गावाची बाब झाली. परंतु गावाचे पाणी म्हणजे नक्की कोणाचे, हा प्रश्न ज्या एका लहान गावाने न्यायालयापर्यंत नेला, ते गाव आमच्या जिल्ह्यातील नव्हे, कोकणातील महाड होय. तो वृत्तान्त ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले. महाडचा सत्याग्रह सर्वांस ठाऊक आहे. त्यामागील नगरपालिकेची आणि खटल्याची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही.

मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादुर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. बोले हे भंडारी समाजाचे पुढारी होते. स्मरणिकांतून आपापल्या ज्ञातीच्या थोरांची यादी देण्याचा प्रघात आहे. येथे आमच्या ज्ञातीचे कोणी नाही, तरीही ही गोष्ट आमची आहे असे आम्ही समजतो.

या ठरावास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, पण तळ्यावर कोणी आले नाही. तळ्याच्या भोवती स्पृश्यांची घरे होती. मुसलमान तेथून पाणी नेत. बाजारहाटासाठी खेड्यापाड्यांतून आलेल्या महारास मात्र तहान भागविण्यासाठी गावाबाहेरील महारवाडा गाठावा लागे. ठराव झाला म्हणून माणसाचे भय जात नाही. १९२६ साली बोल्यांनी दुसरा ठराव आणला, की जी नगरपालिका किंवा लोकलबोर्ड पहिला ठराव अंमलात आणणार नाही, तिचे अनुदान सरकारने बंद करावे. ठरावाचे पुढे काय होते, याचा त्यांना तीन वर्षांत पुरता अनुभव आला असावा.

पुढे १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस तिला अनुकूल होते. दुसऱ्या दिवशी डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या मागोमाग परिषदेचे लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ते आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी हूल उठली व परतणाऱ्यांस मारहाण झाली. नंतर १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. गायीम्हशींनी नित्य प्यालेल्या पाण्यास माणसाचा विटाळ कसा होतो, हे आम्हांस आजही उमगलेले नाही.

याहूनही विचार करण्यासारखी गोष्ट नगरपालिकेच्या सभागृहात घडली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोल्यांच्या ठरावास बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेस, तिने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. ज्या संस्थेने दार उघडले तिनेच ते लावून घेतले. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा काही स्पृश्य गृहस्थांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. तळे सार्वजनिक नाही, स्पृश्यांचे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. डॉ. आंबेडकरांनी न्यायालयाचा मान राखला. परिषदेची मिरवणूक तळ्यास वळसा घालून पाण्यास न शिवता परतली. मनाईहुकूम १९२८ च्या फेब्रुवारीत उठला, पण दावा चालूच राहिला.

खटल्यातील मुख्य मुद्दे दोन होते. तळ्याची मालकी कोणाची, हा पहिला. तळे नगरपालिकेकडे निहित आहे, कोणा गृहस्थांचे नव्हे, असे ठरले. म्हणजे गावाचा आपल्या पाण्यावरील हक्क शाबीत झाला. दुसरा वहिवाटीचा. कायद्याने मानावी अशी रूढी फार जुनी, निश्चित व वाजवी असावी लागते, आणि ती सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो. महाडच्या न्यायालयात वादी हरले, ठाण्याच्या अपिलातही हरले आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी ‘अनादि रूढी सिद्ध झालेली नाही’ असा निर्णय दिला. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, म्हणजे ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली तेच. पहिल्या ठरावापासून या निकालापर्यंत तेरा वर्षे लोटली.

त्या काळात वर्धाही स्वस्थ नव्हते. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायणाचे देऊळ हरिजनांस खुले केले आणि गांधीजींच्या हरिजन दौऱ्याचा आरंभ ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहूनच झाला. पण येथे एका धनिकाच्या औदार्याने दार उघडले. महाडास ते हक्क म्हणून मागितले गेले. आम्ही दोन्हींस मान देतो. मात्र औदार्य मागे घेता येते, हक्क घेता येत नाही, हा भेद वडीलधाऱ्यांनी मुलांस समजावून द्यावा.

२६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तळी व स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सरकारी पैशाने चालणारे पाणवठे त्यात आहेतच. त्यांखेरीज सर्वसाधारण लोकांच्या उपयोगासाठी अर्पण केलेलेही आहेत. आपल्या पूर्वजांनी पुण्य म्हणून बांधलेल्या किती विहिरी व धर्मशाळा या दुसऱ्या वर्गात मोडतात, याची नोंद प्रत्येक गावच्या शाखेने आपल्या दप्तरात करून ठेवावी.