मागें धांवणाऱ्याची परीक्षा

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात त्यांत चेंडू लंबगोल असतो आणि पायापेक्षां हाताचें काम अधिक. आपल्या इकडच्या फुटबॉलशीं त्याचें नांवापलीकडे फारसें नातें उरलेलें नाहीं. या खेळांतील सर्वांत बिकट काम, आमच्या मतें, बचाव करणाऱ्या संघाच्या अगदीं पिछाडीस उभ्या राहणाऱ्या चार-पांच गड्यांचें. त्यांस डिफेन्सिव्ह बॅक म्हणतात. त्यांतील जे कडेला उभे राहतात ते कॉर्नरबॅक, आणि मध्यें खोलवर राहतात ते सेफ्टी. चेंडू झेलावयास निघालेला प्रतिपक्षाचा गडी कोणत्या वाटेनें धांवणार हें त्याचें त्याला ठाऊक असतें. ह्याला तें ठाऊक नसतें. तो पुढें तोंड करून धांवतो, तर ह्याला पहिलीं कांहीं पावलें त्याच्याकडे तोंड ठेवून मागें मागें धांवावें लागतें, आणि त्यानें दिशा बदलतांच कंबर वळवून त्याच्याबरोबर सुटावें लागतें. आट्यापाट्यांत पाटी धरणाऱ्या गड्यास हुलकावणीचें जें संकट तेंच हें; फक्त येथें पाटी नाहीं आणि पाठीमागें सारें मैदान मोकळें. याची चूक झांकतां येत नाहीं. ती हजारों लोकांच्या डोळ्यांदेखत होते, आणि पुढच्याच क्षणीं तिचा विसर पाडून पुन्हां उभें राहावें लागतें.

अशा माणसाची पारख आगाऊ कशी करावी? महाविद्यालयांत खेळणारा एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा धंदेवाईक संघांत टिकेल कीं नाहीं, हें कशावरून ठरवावें? अमेरिकेंतील धंदेवाईक संघ दरवर्षीं ज्या निवडीच्या बैठकींत हें ठरवितात तिला तेथें ड्राफ्ट म्हणतात. पहिल्या फेरींत निवडला गेलेला मुलगा आणि अजिबात न निवडला गेलेला मुलगा यांच्या मिळकतींत जमीनअस्मानाचें अंतर पडतें. शिवाय पहिल्यास चुकण्याची सवड मिळते, दुसऱ्यास मिळत नाहीं. या पारखीचा इतिहास आम्ही पाहूं लागलों तेव्हां ती घड्याळें आणि मोजपट्ट्या सुधारत गेल्याची हकीकत असेल अशी आमची समजूत होती. तशी ती थोडीफार आहेही. परंतु कसें मोजलें यापेक्षां कोणास मोजलें, किंबहुना कोणास मोजलेंच नाहीं, हा प्रश्न पानोपानीं आडवा येऊं लागला.

पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजीं फिलाडेल्फिया शहरांतील रिट्झ-कार्ल्टन हॉटेलांत झाला. गतवर्षीं ज्या संघाची सर्वांत दुर्दशा झाली त्यास निवडीची पहिली पाळी मिळावी, ही कल्पना बर्ट बेल यांची. त्यांचा स्वतःचा फिलाडेल्फियाचा संघच त्या वर्षीं तळाशीं होता, तेव्हां ती अगदींच निःस्वार्थी होती असें म्हणवत नाहीं. फळ्यावर सुमारें नव्वद नांवें लिहिलीं होतीं. नऊ संघांनीं नऊ फेऱ्यांत त्यांतील ८१ उचललीं. पहिलें नांव शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगर याचें. तो पुढें या लीगमध्यें एकही सामना खेळला नाहीं! नोकरी करून चार पैसे अधिक मिळत असतां हाडें कशास मोडून घ्यावीं, असा विचार त्या काळीं पुष्कळ पदवीधर करीत.

हीं नांवें आलीं कोठून? गांवोगांव हिंडून खेळाडू पाहणारा पगारी पारखी तेव्हां संघांपाशीं नव्हता. न्यूयॉर्क संघाच्या मालकाचा धाकटा मुलगा वेलिंग्टन मारा बाहेरगांवचीं वर्तमानपत्रें व खेळांचीं मासिकें चाळून टिपणें ठेवीत असे, आणि तेवढ्यावर तो या विषयांतील जाणकार गणला जाई. वर्तमानपत्रांत नांव येई तें मोठ्या विद्यापीठाच्या खेळाडूचें, आणि त्यांतही चेंडू घेऊन धांवणाऱ्याचें. अडविणाऱ्याचें नांव कोण छापतो? शिवाय त्या काळीं तेच अकरा गडी चढाईही करीत आणि बचावही करीत. हवे तितके गडी बदलण्याची मोकळीक या लीगनें १९५० सालीं कायम केली, आणि तेव्हांपासून पिछाडीचा रक्षक हा एक वेगळा पेशा झाला.

फळ्यावर एक प्रकारचीं नांवें मुळींच नसत. १९३४ पासून १९४५ पर्यंत या लीगमध्यें एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम कोठें नव्हता. असल्या गोष्टींस तो लागतही नाहीं. १९४६ सालीं लॉस अँजेलिसच्या रॅम्स संघानें केनी वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड यांस घेतलें तेव्हां ही कोंडी फुटली, तरी ड्राफ्टमध्यें पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, जॉर्ज टालियाफेरो, निवडला जाण्यास १९४९ साल उजाडावें लागलें. म्हणजे पहिले तेरा ड्राफ्ट एकाच वर्णाचे झाले. पारखी कितीही डोळस असला तरी जें दारांतच अडविलेलें आहे तें तो पाहणार कसें?

ज्यांस कोणीं बोलाविलें नाहीं ते मग आपल्या पायांनीं आले. महायुद्धांत तटरक्षक दलांत नोकरी करून आलेला एम्लेन टनेल आयोवा विद्यापीठांत खेळला होता. १९४८ च्या उन्हाळ्यांत तो वाटेंत मिळेल त्या मोटारीनें न्यूयॉर्कला पोंचला आणि जायंट्स संघाच्या कचेरींत जाऊन आपली परीक्षा घ्या म्हणाला. त्या संघांतील तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९६१ सालीं तो थांबला तेव्हां प्रतिपक्षानें फेंकलेले ७९ चेंडू त्यानें मधल्यामध्यें झेलून पळविले होते, आणि ती संख्या पुढें अठरा वर्षें कोणास ओलांडतां आली नाहीं.

रिचर्ड लेन याची हकीकत याहून चमत्कारिक. टेक्सास प्रांतांतील ऑस्टिन शहरीं तान्हेपणींच टाकून दिलेलें हें मूल एला लेन नांवाच्या बाईंनीं उचलून वाढविलें. शिक्षण म्हणाल तर नेब्रास्कांतील एका कनिष्ठ महाविद्यालयांतील थोडा काळ. पुढें चार वर्षें सैन्यांतील नोकरी. त्यानंतर विमानांच्या कारखान्यांत तेलकट पत्रे उचलण्याची मजुरी. त्या मजुरीस कंटाळून १९५२ सालीं तो रॅम्स संघाच्या कचेरींत शिरला. बगलेंत स्वतःच्या खेळाच्या कात्रणांची वही होती. ज्या वर्तमानपत्री मजकुरावर मालकलोक फळ्यावरचीं नांवें लिहीत, तोच मजकूर हा मनुष्य स्वतः चिकटवून घेऊन आला, याची आम्हांस मोठी गंमत वाटते. तो चेंडू झेलणारा म्हणून आला होता. परंतु त्या जागेवर रॅम्सपाशीं नामांकित खेळाडू असल्यामुळें त्यास पिछाडीस पाठविलें. त्या पहिल्याच हंगामांत बारा सामन्यांत त्यानें १४ चेंडू पळविले. आतां हंगाम सतरा सामन्यांचा झाला आहे, तरी एका हंगामांतील तो आंकडा आजवर कोणीं गांठलेला नाहीं. एका ध्वनिमुद्रिकेवरून सोबत्यांनीं त्यास ‘नाइट ट्रेन’, म्हणजे रात्रीची आगगाडी, हें नांव दिलें आणि तेंच रूढ झालें. हे दोघेही ज्या चाळणीच्या बाहेर राहिले त्या चाळणीविषयीं काय म्हणावें?

१९६० नंतर या परीक्षेंत गणकयंत्र आलें, आणि त्याच्याशीं एका भारतीयाचें नांव जोडलेलें आहे हें आपल्याकडे फारसें कोणास ठाऊक नसावें. डॅलस काउबॉइज संघाचे व्यवस्थापक टेक्स श्राम यांचें म्हणणें असें कीं पारख्यांचीं मतें रागलोभानें रंगलेलीं असतात. एकाचें ‘चपळ’ आणि दुसऱ्याचें ‘चपळ’ यांचा मेळ बसत नाहीं. आयबीएमच्या एका शाखा-कंपनींत काम करणारे संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी यांस त्यांनीं हें कोडें घातलें. कुरेशी अलीगढला शिकलेले. त्यांस क्रिकेट ठाऊक, हा खेळ मुळींच ठाऊक नाहीं. त्यांनीं प्रशिक्षक व पारखी यांस खोदखोदून विचारलें, शेंकडों गुणांची यादी चाळून ती पांचांवर आणली: शील, चपळाई व शरीरावरील ताबा, ईर्ष्या, बुद्धीची तरतरी, आणि बळ व उसळी. प्रत्येकास एक ते नऊ गुण द्यावयाचे. कुरेशींचें खेळाविषयींचें अज्ञान या कामीं उपयोगीच पडलें असावें असें आम्हांस वाटतें. जाणत्या माणसास ‘चांगला म्हणजे काय’ हें विचारण्याची लाज वाटते. परक्यास वाटत नाहीं.

तरी गंमत पाहा. याच डॅलस संघानें १९६२ सालीं कॉर्नेल ग्रीन यास आणलें. तो युटा राज्यांतील महाविद्यालयांत बास्केटबॉल खेळत असे; महाविद्यालयांत फुटबॉल तो एक दिवसही खेळला नव्हता. यंत्रास घालण्यासारखा त्याचा कसलाच आंकडा नव्हता. परंतु बास्केटबॉलमध्यें समोरच्याकडे तोंड ठेवून आडवे पाय टाकीत मागें सरकणें हेंच रक्षकाचें रोजचें काम, आणि तें त्याच्या पायांत मुरलेलें होतें. तेरा हंगाम तो डॅलसच्या पिछाडीस उभा राहिला.

यंत्रापेक्षां मोठें काम मात्र एका पत्रकारानें केलें. पिट्सबर्ग कुरिअर हें कृष्णवर्णीयांचें वृत्तपत्र; त्याचे क्रीडालेखक बिल नन हे १९५० पासून दरवर्षीं कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतील उत्तम खेळाडूंचा एक काल्पनिक संघ छापीत. त्यासाठीं ते दक्षिणेंत हिंडत, प्रशिक्षकांच्या घरीं उतरत, त्यांच्या ओळखी जपत. त्यांच्याच शहराचा स्टीलर्स संघ इकडे लक्ष देत नाहीं याची त्यांस चीड होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस संघाच्या मालकांच्या मुलानें, डॅन रूनी यांनीं, त्यांस बोलावून हेंच काम संघासाठीं करावयास सांगितलें. पुढें काय झालें तें आंकड्यांतच पाहावें. १९७० सालीं लुइझियानांतील सदर्न विद्यापीठाचा मेल ब्लाउंट हा कॉर्नरबॅक स्टीलर्सना तिसऱ्या फेरींत मिळाला. १९७४ च्या ड्राफ्टमध्यें सतरा फेऱ्या झाल्या, ४४२ नांवें पुकारलीं गेलीं; साउथ कॅरोलायना स्टेटचा डॉनी शेल त्यांत नव्हता. नन यांच्यामुळें तो पिट्सबर्गला आला, सेफ्टी झाला, आणि त्यानें ५१ चेंडू पळविले. ब्लाउंट व शेल दोघेही आज या खेळाच्या कीर्तिमंदिरांत आहेत. नन यांस तो मान मृत्यूनंतर, २०२१ सालीं मिळाला.

नन घड्याळाचे शत्रु नव्हते. जॉन स्टॉलवर्थ या झेलणाऱ्या खेळाडूची चाळीस यार्डांची धांव ओल्या जमिनीवर मंद भरली तेव्हां इतर पारखी ती टिपून निघून गेले. नन प्रकृतीचें निमित्त सांगून मागें राहिले आणि दुसऱ्या दिवशीं बऱ्या जमिनीवर त्यास पुन्हां धांवविलें. घड्याळाचें हात हातांतच होतें. जमीन पाहण्याचें भान मात्र एकट्यांस होतें.

ब्लाउंट अंगानें इतका दणकट कीं झेलणाऱ्यास तो वाटभर ढकलीत रेटीत नेई. १९७८ सालीं लीगनें नियम केला कीं पहिल्या पांच यार्डांपलीकडे असा धक्का देतां कामा नये. लोक त्यास ब्लाउंटचाच नियम म्हणतात. एका माणसाच्या कौशल्यानें कायदा बदलावा हा त्याचा गौरवच; पण पारख्यांची पंचाईत झाली. काल जें बळ हवें होतें त्याच्या जागीं आज वळणारी कंबर आणि उघडा वेग हवा झाला.

मग वेगाचें प्रस्थ माजलें यांत नवल नाहीं. १९८२ सालीं फ्लॉरिडांतील टँपा येथें अनेक संघांनीं मिळून खेळाडूंस एकत्र बोलावून तपासणी केली. १९८७ पासून ती इंडियानापोलिसला भरूं लागली. तेथें मुलाची उंची, वजन, हाताची लांबी मोजतात, उडी मोजतात, वैद्य सांधे ओढून पाहतात, आणि चाळीस यार्ड, म्हणजे ३६ मीटरांहून थोडें अधिक, सरळ पळवितात. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक म्हणजे शेवटीं जेमतेम एक यार्ड. त्या यार्डावर कोणाचें नांव फेरी-दोन फेऱ्या वर-खालीं जातें. तें यार्ड खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. झेलणारा पुढें निसटला तर तेंच यार्ड तारतें. परंतु सामन्यांत रक्षक सरळ रेषेंत, कोणाची हूल नसतां, असा क्वचित्‌च धांवतो.

रिचर्ड शर्मन स्टॅनफर्ड विद्यापीठांत मुळांत झेलणारा. दुखापतीनंतर २००९ मध्यें तो बचावाकडे वळला. सहा फूट तीन इंच उंच, हात लांब, आणि चाळीस यार्डांस साडेचार सेकंदांहून थोडा अधिक वेळ. २०११ सालीं १५३ नांवें होऊन गेल्यावर सिअॅटलच्या संघानें पांचव्या फेरींत त्यास घेतलें, आणि तीन वर्षांत तो लीगमधील अग्रगण्य कॉर्नरबॅक गणला जाऊं लागला. झेलणाऱ्याच्या मनांत काय चाललें आहे हें त्यास कळे, कारण कालपर्यंत तें मन त्याचेंच होतें. हें कोणत्या घड्याळांत उमटणार होतें?

२०१४ च्या ड्राफ्टमध्यें क्लीव्हलंडनें आठव्या क्रमांकावर जस्टिन गिल्बर्ट हा अतिशय वेगवान कॉर्नरबॅक निवडला. त्या मुलास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. तीन हंगामांत त्याचा खेळ संपला एवढेंच नमूद करतों. त्या वर्षीं एकंदर २५६ नांवें पुकारलीं गेलीं. वेस्ट अॅलाबामा या लहानशा विद्यापीठाच्या माल्कम बटलरचें नांव त्यांत नव्हतें. इंडियानापोलिसच्या तपासणीसही त्यास बोलावणें नव्हतें. पूर्वी एका महाविद्यालयांतून संघाबाहेर काढला गेल्यावर त्यानें तळलेल्या कोंबडीच्या दुकानांत कांहीं काळ नोकरी केली होती. न्यू इंग्लंडच्या संघानें ड्राफ्टनंतर परीक्षा घेऊन त्यास ठेवून घेतलें.

१ फेब्रुवारी २०१५ रोजीं अॅरिझोनांत अंतिम सामना होता. अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला होता आणि सिअॅटलचा संघ एका यार्डावर येऊन ठेपला होता. दोन झेलणारे एकामागें एक उभे राहिलेले बटलरनें पाहिले. त्याच आठवड्यांत सरावांत हीच चाल त्याच्यावर केली होती. तेव्हां तो उशिरां निघाला, चेंडू त्याच्यासमोर झेलला गेला, आणि प्रशिक्षकांनीं त्यास त्याबद्दल टोकलें होतें. या वेळीं चेंडू सुटण्याच्या सुमारासच तो निघाला, आणि झेलणाऱ्याच्या आधीं तेथें पोंचून चेंडू त्यानें छातीशीं धरला. सामना तेथेंच ठरला. सिअॅटलचे रक्षक त्या वेळीं मैदानाच्या कडेला उभे होते. १५४ व्या क्रमांकाचा शर्मन त्यांच्यांतच होता.