शर्टाची बटणं आणि चाळीतला नळ

आजचा भाग घरांच्या इतिहासाचा आहे. वाडे-राजवाडे आपण पुष्कळ केले, आज साधी घरं. ज्याला एकट्याने राहणं जमत नाही असा माणूस आणि ज्याला जमतं असा माणूस, हे दोघं एका जिन्यावर कधी आणि कसे राहिले, याची ही गोष्ट.

सुरुवात घरापासून करते. आमचा नानाकाका, म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. गिरगावातल्या चाळीत त्याचं अख्खं तरुणपण गेलं. आजाराला नाव फार उशिरा मिळालं, त्याआधी नाना म्हणजे फक्त नाना. त्याला दिवसातून दहा वेळा जिन्याखालचा नळ नीट बंद आहे ना, हे बघून यावं लागे. आला नाही तर चैन पडत नसे. समोरच्या काकू तर स्वतःहून म्हणायच्या, "नाना, नळ बघून या हो." तो जाऊन यायचा, मग बरं वाटायचं. ते नेहमी गोडच होतं असं नाही. मुलं चिडवायची, आजीला बोलणी बसायची. पण नानाने कुठे राहावं, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

आता चाळ तिथेच सोडू आणि बेल्जियमला जाऊ. अँटवर्प प्रांतात एक गाव आहे. आपण वाचू 'गील', तिथले लोक म्हणतात जवळजवळ 'खेल'. दंतकथा अशी की सातव्या शतकात आयर्लंडची डिम्फ्ना नावाची राजकन्या इथे पळून आली. राणी वारली, दुःखाने राजाचं डोकं फिरलं, आणि आईसारखी दिसणाऱ्या मुलीशीच लग्न करायचं त्याने मनात घेतलं. त्याने तिला गीलमध्ये गाठलं आणि तिथेच तिचं डोकं उडवलं. पुढे ती वेडाने ग्रासलेल्यांची संत झाली. इतिहास म्हणून यातलं काही सिद्ध करता येत नाही. पण १३४९ मध्ये तिच्या नावाचं चर्च बांधायला घेतलं, हे मात्र पक्कं.

लोक आपापल्या माणसांना घेऊन तिथे येऊ लागले. आपल्याकडे नवस बोलतात तसं. नऊ दिवसांचा विधी असे. पंधराव्या शतकात चर्चला लागून आजाऱ्यांची खोली बांधली, तीही पुरेना. मग गावकऱ्यांनी माणसं घरी ठेवून घ्यायला सुरुवात केली. काही जण नऊ दिवसांनी परत गेले, काही गेलेच नाहीत. शेतात हात लावायचा, गुरं बघायची, मुलं सांभाळायची, ताटावर सगळ्यांबरोबर बसायचं. गावात त्यांना 'रोगी' म्हणत नसत. शब्द होता 'कोस्टगांगर', म्हणजे पैसे देऊन घरी जेवणारा-राहणारा माणूस. आपल्या खाणावळीतल्या मेंबरसारखंच की!

१८२१ मध्ये एस्किरोल नावाचा नामांकित फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ हे बघायला आला. पुढे १८५० च्या कायद्यानंतर बेल्जियम सरकारने वैद्यकीय देखरेख आपल्याकडे घेतली. व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा चित्रकार तरुण असताना त्यालाही गीलला ठेवावं असं त्याच्या वडिलांच्या मनात होतं. १९३८ च्या सुमाराला सोळा हजारांच्या या गावात सुमारे ३,७०० असे पाहुणे होते. दर चार-पाच गावकऱ्यांमागे एक!

आता दुसरी बाजू. हे संतांचं गाव नव्हतं. शेतीला स्वस्तात हात मिळत होते. एकोणिसाव्या शतकातही काहींच्या पायांत बेड्या असत, तशा नोंदी आहेत. सांभाळणाऱ्या घराला पैसे मिळत, थोडेच, पण मिळत. मला उलट हेच महत्त्वाचं वाटतं. चांगुलपणा तर होताच, पण त्याच्या पाठीशी पैसा होता, पुढे डॉक्टर आला, अडचण आली तर जायला जागा झाली. नुसत्या दयेवर कुठली व्यवस्था शतकानुशतकं चालत नाही.

१९७० च्या दशकात एलन बॅक्स्टर नावाची अमेरिकन तरुणी शिष्यवृत्ती घेऊन गीलला गेली. तिथला तिने सांगितलेला एक किस्सा आहे. एका घरातला पाहुणा रोज शर्टाची सगळी बटणं पिळून तोडायचा आणि घरची बाई रोज रात्री ती परत शिवायची. एलनने सुचवलं, मासे पकडायच्या गळाची दोरी वापरा, तुटणार नाहीत. बाईला ते मुळीच पटलं नाही. त्या माणसाला बटणं तोडण्याची गरज आहे, मग तुटू देत, असं तिचं म्हणणं.

हा किस्सा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला समोरच्या काकू आठवल्या. "नाना, नळ बघून या हो."

एलन न्यूयॉर्कला परतली तेव्हा तिथे उलटंच चाललं होतं. १९५५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या मनोरुग्णालयांत ९० हजारांवर माणसं होती. नवी औषधं आली, धोरण बदललं, इस्पितळं रिकामी होत गेली. बाहेर पडलेले पुष्कळ जण कुठे राहिले? शहरातल्या एकखोली हॉटेलांत, सामायिक संडास-न्हाणीच्या स्वस्त खोल्यांत. म्हणजे तिथल्या चाळीच म्हणा ना! आणि नेमक्या त्याच सुमाराला जागांचे भाव वाढले, त्या इमारती पाडून किंवा बदलून महागडे फ्लॅट झाले. माणसं फुटपाथवर आली. १९८१ मध्ये एलन बॅक्स्टर आणि किम हॉपर यांनी रस्त्यावरच्या या माणसांवर अहवाल लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की यांना फक्त आजारी म्हणून मोकळे होऊ नका, आधी राहायला जागा द्या.

अहवाल लिहून ती थांबली नाही. पुढे तिने ब्रॉडवे हाउसिंग कम्युनिटीज ही संस्था उभी केली. १९८६ मध्ये मॅनहॅटनच्या उत्तर भागात, १७८ व्या रस्त्यावर, 'द हाइट्स' ही इमारत सुरू झाली. राहणाऱ्याच्या नावावर भाडेकरार, दाराला स्वतःची किल्ली, आणि मदत त्याच इमारतीत. पुढच्या इमारतींत कुटुंबं आली, मुलं आली. 'शुगर हिल' ही त्यातली सगळ्यात नावाजलेली. १२४ घरं, वास्तुकार डेव्हिड अजाये, खाली बालवाडी आणि मुलांचं कला-संग्रहालय. काही घरं निवाऱ्यांतून आलेल्यांना, बाकीची कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सोडतीने. अर्ज चाळीस हजारांहून जास्त आले! आधार लागणारा आणि न लागणारा, दोघांनाही परवडणारं घर हवंच होतं. दोघांची गरज एकच निघाली.

गीलमध्ये मात्र आता असे पाहुणे फार थोडे उरलेत. शेती कमी झाली, घरातले सगळेच कामाला जातात. २०२३ मध्ये युनेस्कोने या परंपरेची दखल घेतली.

आणि नानाकाका? आमची चाळ पुनर्विकासाला गेली. टॉवर झाला, सगळ्यांना जागा मिळाली, आम्हालाही. तक्रार करावी असं कागदावर काही नाही. पण तिथे जिन्याखाली नळ नाही, आहे ती पंपाची खोली. काका ती बघायला जायचा. वॉचमन नवा, तो हटकायचा. मग कमिटीचं पत्र आलं : आपल्या माणसाला एकट्याने खाली सोडू नये. पत्रावर समोरच्या काकूंच्या मुलाची सही होती. मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, गॅलरीच उरली नाही, तर त्याने तरी नानाला ओळखायचं कुठून?

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. समाजात राहण्याचा हक्क त्यात आहे, घरांच्या योजनांत ५ टक्के आरक्षण आहे. चांगलं आहे. पण फ्लॅट मिळाला म्हणजे शेजार मिळाला असं होत नाही, आणि शेजारासाठी इमारत तशी बांधावी लागते, खाली मदतीला माणूस नेमावा लागतो, त्याचा पगार द्यावा लागतो. गील काय नि न्यूयॉर्क काय, यातलं काहीच फुकट झालेलं नाही.

काका आता आमच्याकडे डोंबिवलीला असतो. आमच्या सोसायटीत बागेच्या कडेला एक नळ आहे. मी सेक्रेटरींना भेटले, सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तसाही तो नळ रोज कुणीतरी उघडाच टाकतं. बघत जाऊ देत त्यांना."

तुमच्या चाळीत, वाड्यात, गल्लीत असा कुणी नाना होता का? पुनर्विकासानंतर तो कुठे गेला? जमलं तर शोध घ्या. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.