गोंदण : सुई, काजळी आणि हळद (थ्रेड)

१/ टॅटू नवा आणि गोंदण जुने, असे आपण मानतो. त्वचेच्या दृष्टीने मात्र दोन्ही जखमाच. आंधळगाव ज्या भंडारा जिल्ह्यात येते, तो पूर्वी मध्य प्रांतात होता. त्या प्रांतातील जातीजमातींवर रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये चार खंड प्रसिद्ध केले; त्यांत गोंदणाचीही नोंद आहे.

२/ गोंडांत हे काम ओझा स्त्रिया करीत. काजळी तेलात कालवून सुयांनी टोचण्याची रीत होती. सूज उतरावी म्हणून अनेक ठिकाणी हळद लावत. मृत्यूनंतर सोबत येणारा एकमेव दागिना हाच, ही श्रद्धा वेदना सोसण्याचे बळ देई.

३/ १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने विजेच्या यंत्राचे पेटंट घेतले. वेग वाढला, जखम तीच राहिली. आतल्या थरातील पेशी रंगकण धरून ठेवतात, म्हणून नक्षी टिकते. वरची त्वचा भरून येण्यास मात्र साधारण दोन ते चार आठवडे लागतात.

४/ तोवर सौम्य साबणाने धुवावे, खपली काढू नये, ऊन व पोहणे टाळावे. पू किंवा ताप आल्यास डॉक्टर गाठावा. एकच सुई अनेकांना वापरल्यास ‘ब’ कावीळ व एचआयव्ही पसरू शकतात.

५/ आजीच्या हातावरची नक्षी अवश्य उचलावी. सुई मात्र नवीच हवी.